फ्यूज काढल्यावरची घणघण

ऐकायचं तर पुरतं ऐका, मधून कोणी उठायचं नाही. बळीराम फिटर आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. पाना आधी तळहातावर तोलायचा, मग भाव विचारायचा. असा माणूस उगाच काही रचून सांगत नसतो.

एकसष्ट सालचा पौष, अवसेची रात्र. भिलाईच्या पोलाद कारखान्याची उभारणी जोरात होती. कामठीकडचा बळीराम बायको हिराला घेऊन भिलाई-३ला राहायचा. त्या रात्री कृष्णराव फोरमननी त्याला गॅसच्या मोठ्या पाइपावर धाडलं. माणूस वाकून चालेल एवढा तो पाइप, आणि तोंडाशी जड लोखंडी झडप. बाहेरच्या सोलेनॉइड वॉल्व्हला करंट मिळाला की त्यातला दांडा उचलला जायचा, हवा सुटायची, झडप वर जायची. पण दांडा पुरता बसत नसावा. वॉल्व्ह नुसता घणघणत होता.

"पहाटे गॅस सोडाचा हाय," कृष्णराव म्हणाले. "पण हे घणघण बंद झाल्याबिगर मी सोडत नाही."

बळीरामनं साखळीनं झडप उचलली, खाली लाकडी टेकू देऊन साखळी सोडली. फ्यूज काढून खिशात टाकला. वॉल्व्ह खोलला, दांड्याचा कचरा पुसला, पुन्हा बसवला.

वॉल्व्ह घणघणू लागला.

फ्यूज तर खिशात होता.

त्यानं पेचकसाचं टोक वॉल्व्हला टेकवलं, मूठ उजव्या कानाला. फिटर लोक आवाज असाच पारखतात. घणघणीच्या मागं कोणीतरी ठोकत होतं... पाइपाच्या आतून.

एखादा मजूर अडकला असेल म्हणून तो टॉर्च घेऊन वाकून आत शिरला. आत जाणाऱ्यानं आपला गमछा बाहेर लटकवायचा, म्हणजे आत माणूस आहे हे कळतं, अशी तिथली रीत. पण थंडी कडाक्याची. गमछा गळ्यातच राहिला.

आत कोणी नव्हतं. परतताना तोंडाशी पाय टेकूला लागला.

झडप पडली. टॉर्च फुटली.

पान्यानं ठोकून ठोकून हात सोलले. बाहेर कोणी ऐकेना. पहाटे कृष्णराव येतील, गमछा दिसणार नाही, गॅस सोडतील... हिराला तर तो कुठल्या पाइपावर आहे हेही ठाऊक नव्हतं.

मग डावीकडं श्वास ऐकू आला.

"कोन हाय?"

"भाऊ, बोल ना... मले भेव लागून राहिलं," बळीराम म्हणाला.

श्वास जवळ आला. बळीराम मागं सरकला. पाठीला लोखंड लागलं. आता कुठं सरकणार...

बाहेर वॉल्व्ह घणघणतच होता.

पहाटेचा भोंगा झाला. त्यानं डोळे मिटले. गॅस येईना.

टक्.

घणघण थांबली. झडप वर गेली.

बाहेर कृष्णराव उभे होते. "कावून रे, आत कावून गेला होता तू? वॉल्व्ह घणघणून राहिला म्हनून मी गॅस थांबवला. नाहीतर..."

बळीरामनं खिशातून फ्यूज काढून समोर धरला. कृष्णरावांनी फ्यूजच्या पेटीतली त्याची रिकामी जागा पाहिली.

मग त्यांनी त्याला दंडाला धरून दिव्याखाली ओढलं. बळीरामच्या डाव्या कानावर सिमेंटची बोटं उमटली होती. चुकलेल्या लहान पोराचा कान धरतात, तशी. त्या भागातलं सिमेंटचं काम दिवाळीआधीच संपलं होतं.

कृष्णरावांनी बोट लावून पाहिलं.

ओलं होतं.