बोटीचा मागचा डोळा

"अहो, थांबा! ती बोट माझी नाही!"

ड्रिल हातात धरून तो तरुण जागच्या जागी थिजला. शेजारच्या बोटीच्या मागच्या कठड्यावर त्याने पेन्सिलीने सुरेख खुणा केल्या होत्या. आणखी एक क्षण... आणि परक्या बोटीला चार भोकं पडली असती.

"फोनवर निळा पट्टा म्हणाला होतात ना?"

"निळाच म्हणाले होते. हा हिरवा आहे."

"उन्हात सारखेच दिसतात हो..."

"कॅमेरा लावणाऱ्याने असं बोलायचं?" ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

धक्क्यावरचे लोक तिला चेष्टेने 'कप्तान' म्हणत. बोट तिच्या बाबांची. केबिन पुढे, बाकं मागे. त्यामुळे सुकाणू धरणाऱ्याला बोटीच्या मागचं काहीच दिसत नसे. इतकी वर्षं बाबा सुकाणूवर उभे राहत आणि मागून ती ओरडून सांगे, "डावीकडे घ्या! हळू!" आता बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. ती एकटी बोट चालवणार, तर मागचं दाखवणारा कॅमेरा हवा, असा नियम होता. तपासणी आज चारला. नापास झाली, तर बोट काकाच्या ताब्यात द्यायची, असं घरी ठरूनही गेलं होतं.

"म्हणजे आज माझीही परीक्षा," फिटर म्हणाला.

"तुमची आधी. माझी चार वाजता."

त्याने मागच्या कठड्यावर कॅमेरा बसवला, केबिनमध्ये स्क्रीन लावली आणि केबिनच्या मागच्या भिंतीवर, बाकांच्या उंचीला, बोटभर लांब अँटेना. ती एकेक स्क्रू त्याच्या हातात देत होती. एकदा बोटांना बोटं लागली... स्क्रू टणकन खाली पडला. दोघंही तो शोधत बसले — गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"वायर नाही, मग चित्र येतं कसं?" तिने विचारलं.

"हवेतून. कॅमेरा पाठवतो, अँटेना पकडते."

"आणि वाटेत चुकलं तर?"

"तुमच्यासारखं कुणीतरी ओरडेल ना त्याला!"

तीन वाजता स्क्रीनवर मागचं पाणी लख्ख दिसू लागलं. दोघंही खूश.

चारला तपासनीस बाई आल्या. "मी भरलेलीच बोट तपासते," म्हणत त्यांनी धक्क्यावरची दहा माणसं बाकांवर बसवली. बाबाही त्यांच्यात बसले. आणि — चित्र थरथरलं, त्याचे चौकोन झाले, स्क्रीन काळी पडली.

"आत्ता तर दिसत होतं..." फिटरचा चेहरा उतरला.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं देते."

तो बटणं दाबत राहिला. ती मात्र माणसांकडे बघत होती. बाबा गुडघा चोळायला वाकले, तशी स्क्रीन उजळली. ते ताठ बसले, पुन्हा अंधार.

"बाबा, परत वाका!"

"अगं, मी काय कवायत करायला आलोय?" बाबा कुरकुरले, पण वाकले. चित्र आलं!

"माणसं आड येतायत," ती म्हणाली.

फिटरने कपाळाला हात लावला. "माणसाचं अंग म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. लहरी त्यात मुरतात. मी रिकाम्या बोटीत तपासलं... चुकलंच माझं."

"वाईट नंतर वाटून घ्या. अँटेना वर न्या, टपावर!"

तो कठड्यावर चढला. बोट डुलत होती. तिने त्याचे दोन्ही पाय घट्ट धरले.

"धरलंय ना?"

"धरलंय."

"सोडू नका हं..."

"पडलात तर कॅमेऱ्यात दिसालच!"

शेवटचा स्क्रू आवळला गेला आणि मागचं पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागलं. दोन मिनिटं उरली होती.

तिने दोर सोडला. लांब वळसा घेतला आणि बोट उलटी, मागच्या बाजूने, धक्क्याकडे आणायला सुरुवात केली. मागे बाबा तोंडावर हात दाबून बसले होते. इतक्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात एक रिकामी होडी दिसली — दोर सुटून नेमकी मागे वाहत येणारी. तिने इंजिनाची गती उतरवली, बोट जागीच रोखली, होडीला जाऊ दिलं आणि मग बोट इतक्या अलगद धक्क्याला टेकवली, की तपासनीस बाईंचं पेनसुद्धा हललं नाही.

"पास," बाई म्हणाल्या. "उद्यापासून एकटीने चालवायला हरकत नाही."

बाकांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांचे डोळे भरून आले. "किती वेळा ओरडणार होतो गं... तू संधीच दिली नाहीस!"

फिटर पेटीत हत्यारं भरत होता. फार सावकाश.

"काही बिघडलं तर फोन करा."

"आणि नाही बिघडलं तर?"

तो थांबला. "काम चांगलं झालं याचं आज पहिल्यांदाच वाईट वाटतंय. परत यायला कारणच उरलं नाही."

"कारण लागतंच का?"

"नसेल लागत, तर... उद्या येऊ? कॅमेऱ्यासाठी नाही. तुमच्यासाठी."

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दहा माणसं पाठीशी बसवून बोट उलटी आणताना हललं नव्हतं, ते काळीज आता धडधडत होतं.

"सातला पहिली फेरी आहे," ती म्हणाली. "केबिनमध्ये दोघांपुरती जागा असते."

मागे बाबा मोठ्याने खोकले. तिने वळूनही पाहिलं नाही. हात उंचावून तिने भोंगा वाजवला — लांबलचक, साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असा.