घासलेल्या फिती

प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी एक अनोळखी माणूस तिच्या धातूच्या फिती घासत उभा होता. बारीक पॉलिश पेपरने, मन लावून... आणि वर गुणगुणत!

"हे काय चाललंय?"

"मळकट दिसत होत्या," तो हसला. "चकचकीत करून देतोय."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तो मळ नव्हता. वितळलेला धातू झटक्यात गार करून तिने त्या फिती बनवल्या होत्या; अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही, रांगांमधले सांधेही उरत नाहीत, म्हणून गंजाला शिरायला फट सापडत नाही. वर्षभर हवेत राहून त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढला होता, आणि तिला तपासायचा होता तो तोच. महिनाअखेर निकाल नसला, तर संस्थेचे प्रमुख सर तिच्या संशोधनाची मुदत वाढवणार नव्हते. आणि शेजारच्या विभागात कालच रुजू झालेल्या या शहाण्याने सगळ्यावर बोळा फिरवला होता.

तिने त्याला फैलावर घेतलं. त्याने एकही सबब सांगितली नाही, याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. फिती तशाच ॲसिडमध्ये बुडवू, म्हणाला. फितींच्या मिश्रणात क्रोमियम आहे, थर पुन्हा धरेल. अकलेचे तारे तोडू नका, ती फणकारली. पण बुडवल्या. दुसरं करणार काय?

धातू विरघळण्याचा वेग दाखवणाऱ्या मीटरवर दोघांची डोकी जवळ आली. काटा उसळला... तिने श्वास रोखला... आणि काटा तळाशी येऊन थांबला. नवा थर धरला होता! तुलनेसाठी शेजारी बुडवलेली पोलादाची पट्टी मात्र बुडबुडे सोडत विरघळत होती. त्याचं मनगट तिच्या मनगटाला लागलं; कोणीच हात मागे घेतला नाही.

"आता तरी हसा," तो हळूच म्हणाला.

"माझा राग गेलेला नाही."

"दिसतंय... छान दिसतंय."

खरवडलेला थर आपोआप भरून येतो, हा निकाल सरांना फारच आवडला. तिला मुदत मिळाली. मग शिपायाकडून कळलं, की त्याने पहिल्याच दिवशी सरांपुढे सगळी चूक कबूल केली होती आणि म्हणूनच त्याची दुसऱ्या गावी बदली झाली होती. ती तरातरा त्याच्या खोलीत गेली. तो खोक्यात पुस्तकं भरत होता.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय... तुम्ही थांबा म्हणाला असतात?"

"भांडले असते. सरांशी, तुमच्याशी, सगळ्यांशी." डोळे भरून आले, त्याने ती आणखी चिडली. "आवडता तुम्ही मला. एवढंसुद्धा कळत नाही?"

हातातलं पुस्तक त्याने खाली ठेवलं. "मला तुम्ही आवडता... पहिली बोलणी खाल्ली तेव्हापासून."

"मग चला सरांकडे."

"आत्ता? एवढ्या रागात?"

"राग आहे तोवरच मला बोलता येतं," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून दाराकडे निघाली.