भरतीच्या वाटेवर बंद पडलेला ट्रक

"मामा, तुमचा ट्रक सकाळपासून खोकतोय!" झेली म्हणाली.

"जुना आहे, खोकणारच!" ओनेझीममामानं हात झटकला. "कालच इंजिनात नवं सामान बसवलंय मी. चला, बसा! भरतीच्या आत पलीकडे पोचायचंय."

बेटावरची सुट्टी संपली होती. पुढे मामा आणि पायाला प्लास्टर घातलेली आजी, मागच्या बाकावर तेरा वर्षांची झेली आणि तिचा धाकटा भाऊ बाझिल. बेट आणि किनारा यांना जोडणारा वाळूचा दांडा फक्त ओहोटीला उघडा पडतो, आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागराची भरती कुणासाठी थांबत नाही!

दांड्याच्या मधोमध ट्रकनं तीन आचके दिले आणि तो गप्प झाला.

मामानं किल्ली फिरवून फिरवून पाहिली. मोबाइलला रेंज नव्हती. "ट्रॅक्टर घेऊन येतो. अर्ध्या तासात!" असं ओरडत तो किनाऱ्याकडे पळत सुटला.

झेलीनं बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंनी तपकिरी पाणी सरकत येत होतं. अर्धा तास? वीस मिनिटांत इथे मासे पोहतील!

"तुम्ही दोघं पळा," आजी म्हणाली.

"आणि तू?"

"मी काय, बसते आरामात!"

"अजिबात नाही!" बाझिल ओरडला. आजीला उचलायचं म्हटलं, तर ती दोघांच्या दुप्पट वजनाची. शिवाय वाळूही मऊ. झेलीला कळून चुकलं, आपण अडकलोय, पुरते अडकलोय!

काहीतरी करायलाच हवं होतं. तिनं बॉनेट उघडलं. आतल्या बाजूला तेलकट लेबल होतं. बाहीनं पुसून तिनं वाचलं: 'ठिणगीची वेळ संगणक ठरवतो.'

"बाझिल, नव्या सामानाचा खोका बघ! काय लिहिलंय?"

"'याच सालचा ट्रक... संगणक नसलेल्या इंजिनासाठी!'" बाझिलचे डोळे विस्फारले. "अगं, मामानं फक्त साल बघितलं!"

"जुनं सामान कुठाय?"

"मागे बादलीत. मामा काहीच फेकत नाही!"

बादलीतून इंजिनाची ठिणगी वाटणाऱ्या डब्याची जुनी टोपी निघाली, आणि टोपीखाली फिरणारं रोटरही. झेलीनं किल्ली काढून घेतली, इंजिनावरची नवी टोपी उघडली आणि दोन्ही रोटर शेजारी धरले. नव्याचं पातं एकच, अरुंद. जुन्याला दोन पाती, एक वर, एक खाली.

"म्हणून खोकत होता!" ती म्हणाली. "संगणक ठिणगी कधी लवकर सोडतो, कधी उशिरा. हे अरुंद पातं तेव्हा भलतीकडेच असतं!"

पाणी पुढच्या चाकाला लागलं.

"झेली, लवकर!"

"घाई केली तर वायरी चुकतील!" तिनं आधी जुनं रोटर बसवलं. जुन्या टोपीवर आकडे होते, वायरींवरही. "एक!" "एक!" "पाच!" "पाच!" बाझिल एकेक वायर हातात देत गेला. "जुनी टोपी ओली आहे गं!" आजीनं खिडकीतून आपला रुमाल फेकला. झेलीनं टोपी कोरडी केली, आठही वायरी बसवल्या आणि पकडी दाबल्या.

"पण चालवणार कोण?" बाझिलनं विचारलं.

"मी!" आजी म्हणाली. "डावाच पाय मोडलाय ना? मग उजवा कशाला दिलाय देवानं? या ट्रकला क्लच नाही. मला ओनेझीमच्या सीटवर ढकला!"

दोघांनी ढकलली. आजी कण्हली, हसली आणि तिनं झेलीकडून किल्ली घेऊन फिरवली. घर्रर्र... घर्रर्र... काहीच नाही. झेलीनं डोळे मिटले.

धडाड्! इंजिन एकसुरात गुरगुरू लागलं!

"बसा रे!"

पाणी उडवत, डुलत ट्रक निघाला. एकदा मागचं चाक रुतलं, तेव्हा आजीनं मामाला अशी शिवी हासडली की बाझिलनं कान झाकले! चाक सुटलं, आणि पुढची चाकं किनाऱ्याच्या खडीवर चढली.

समोरून ट्रॅक्टरवर मामा येत होता, पांढराफटक. ट्रकच्या मागे दांडा पाहता पाहता बुडून गेला.

मामा धावत आला. "कसा सुरू केलात?"

झेलीनं नवं रोटर त्याच्या तळहातावर ठेवलं. "खोक्यावरची दुसरी ओळ वाचून."

मामानं ते उलटसुलट करून पाहिलं. मग त्यानं दोघांना घट्ट कवटाळलं. "चुकलं माझं. तुम्ही आज माझ्या आईला परत आणलंत!"

"ओनेझीम, रड नंतर," आजी म्हणाली. "आधी मला या सीटवरून उतरव. आणि उद्या दुकानात झेलीला घेऊन जा. दुकानदाराशी तीच बोलेल, तू फक्त पिशवी धर!"