तिखट पिठाची गिरणी

ज्वारी तिखट नसते. मग तिचं पीठ तिखट कसं लागेल?

पण लागलं. सकाळी सोनाक्का चहा बशीत ओतत होती, तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर निगडेबाई दिसल्या. डोंगरावरच्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या मुख्य बाई.

"सोनाक्का, नव्वद मुली ताटावरून उठल्या. भाकरीचा घास घेतला की जीभ भाजते. आज भातावर भागवलं, उद्या काय घालू? तुमची गिरणी घेऊन जा परत."

बशी खाली आपटली. चाळीस वर्षांत सोनाक्काच्या कारखान्यातून गेलेली एकही गिरणी परत आली नव्हती. प्रत्येक दगडावर तिचं नाव कोरलेलं असायचं.

"बाई, तिच्यात आधी मिरची दळली होती का?"

"दळली की! तुमच्याच दरपत्रकात लिहिलंय, पीठ आणि मिरची दोन्ही चालेल."

दरपत्रक (कोणती वस्तू, कशी, केवढ्याला देणार हे गिऱ्हाइकाला आधी लिहून दिलेला कागद) सोनाक्कानं उभ्या जन्मात स्वतः वाचलं नव्हतं. तिला वाचता येतच नव्हतं.

"आणि घरं किती आहेत गिरणीला?" घर म्हणजे दगड बसवलेला डबा.

"एकच."

सोनाक्काच्या डोक्यात सणक गेली. एकाच दगडावर मिरची आणि ज्वारी! तिखट दगडाच्या टाकीत, म्हणजे छिन्नीनं पाडलेल्या खाचांत, बसतं, आठ दिवस धुतलं तरी निघत नाही. हे गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

पदर खोचून ती ऑफिसात शिरली. मागोमाग दहा वर्षांची नात केतकी धावली. टेबलावर चतुर बसला होता. कळशीएवढा यंत्रमानव, एकच निळा डोळा. गेल्या दिवाळीत सोनाक्काचा मुलगा दिनकर त्याला घेऊन आला होता. गिऱ्हाइकाशी तोच बोलायचा, दरपत्रक तोच करायचा आणि कागद थेट शेडमधल्या यांत्रिक हातांकडे धाडायचा. पूर्वी प्रत्येक कागद आधी सोनाक्काला वाचून दाखवत. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "हे जमायचं नाही." कागद माघारी जायचा. चतुर आल्यापासून तिला कुणी एक ओळ वाचून दाखवली नव्हती.

"काय रे डबड्या, लेकरांना तिखट भाकरी चारतोस?"

"मी चुकीचं काही लिहिलं नाही, सोनाक्का," चतुर शांतपणे म्हणाला. "मला चार याद्या दिल्या आहेत. दळायचं काय: नुसतं पीठ, किंवा पीठ आणि मिरची. घरं: एक किंवा दोन. मोटर: छोटी, मधली, मोठी. वीज: तारेवरची किंवा उन्हाची. यांना पर्याय (गिऱ्हाइकानं ज्यातून एक निवडायचं अशा गोष्टी) म्हणतात. निगडेबाईंनी प्रत्येक यादीतून एक निवडला."

दिनकर दारात उभा होता. "आई, याद्या तर बरोबर आहेत."

"याद्या बरोबर, अन् अक्कल कुठं गहाण टाकलीस? शर्ट चांगला, धोतर चांगलं, म्हणून धोतर डोक्याला गुंडाळून शर्टात पाय घालशील का?"

केतकी खुदकन हसली. मग गंभीर झाली. "आजी, अशा किती गिरण्या होतात ते बघू या का?"

तिनं खडूनं फरशीवर चौकोन आखले. दळणाचे दोन पर्याय, प्रत्येकाबरोबर घरांचे दोन, म्हणजे चार. त्या चारांबरोबर तीन मोटरी, झाल्या बारा. त्यांना दोन प्रकारची वीज. चोवीस!

"चोवीस?" सोनाक्का कडाडली. "चोवीस गिरण्या मी कधी बनवल्यात? आण तो ओला फडका. मिरची असेल तर दोन घरं. पूस."

सहा चौकोन पुसले गेले.

"दोन घरं असतील तर छोटी मोटर नको. दम टाकते बिचारी. पूस." आणखी चार गेले.

"मोठ्या मोटरीला उन्हाची वीज पुरत नाही." आणखी तीन.

केतकीनं मोजलं. अकरा उरले. ती चतुरकडे वळली. "चतुर, तुझ्याकडे पर्याय होते, पण नियम (कशाबरोबर काय लागतंच आणि कशाबरोबर काय चालत नाही हे सांगणारी अट) नव्हते. एकेक गोष्ट खरी असली तरी जोडी खोटी असू शकते."

"नियम कुणी दिले नाहीत," चतुर म्हणाला.

"कुणी इचारले का?" सोनाक्काचा आवाज चिरकला. "शेडमध्ये नवा बल्ब लावायचा तर मला इचारता. अन् गिरणी कशी करायची हे त्या डबड्याला!"

दिनकर खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, आई."

"माझी माफी नंतर माग. आधी दुसरं घर अन् नवा दगड उडत्या गाडीत घाल. उद्या सकाळी पोरींच्या ताटात भाकरी पाहिजे."

गाडी उडाल्यावर ती चतुरसमोर खुर्ची ओढून बसली. "लिही. पहिला प्रश्न मोटरचा नाही, तिखट दळणार का, हा. अन् चालत नाही तो पर्याय नुसता झाकून ठेवू नको. का चालत नाही ते सांग. माणूस आहे समोर."

दुसऱ्या दिवशी निगडेबाई पडद्यावर आल्या, हातात पांढरीशुभ्र भाकरी. मागे नव्वद मुलींचा गलका. सोनाक्कानं नुसती मान हलवली, पण भाकरीकडे बघता बघता तिचा चहा कपातच राहून गार झाला.

दुपारी चतुरचा निळा डोळा लुकलुकला. "सोनाक्का, एका गिऱ्हाइकाला दोन घरं हवीत, छोट्या मोटरवर. मी नाही म्हणालो."

"कारण सांगितलंस?"

"सांगितलं. दम टाकते बिचारी."

सोनाक्का कितीतरी दिवसांनी हसली. केतकी म्हणाली, "आजी, उद्या चंद्रावर लोक राहायला गेले तर त्यांनाही गिरणी लागेल. तिथले नियम कोण सांगणार?"

"आधी तिथं दळून बघावं लागेल," सोनाक्का म्हणाली. "पण पहिला प्रश्न तोच. तिखट दळणार का?"