टाकीजवळची केबिन

"नेट आहे का इथे?"

भर पावसात, डोक्यावर लॅपटॉपची बॅग धरून तो आमच्या ऑफिसात शिरला आणि ओळख ना पाळख, थेट हे!

"आधी पाय पुसा," मी म्हटलं.

तो प्रणित. माझ्यासारखाच पेणचा निघाला. रोह्याच्या आमच्या केमिकल कंपनीत वायू गळला तर इशारा देणारा प्रोग्रॅम बसवायला आलेला. मी सेफ्टीत क्लार्क. प्रोग्रॅम बसत असताना माझ्या पडद्यावर हिरवी रेघ हळूहळू सरकत होती आणि मी रेघच बघत होते... म्हणजे, बहुतेक वेळ.

"नेट कशाला लागतं?"

"प्रोग्रॅम एकटा नाय चालत. त्याला एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, लागते. कॉम्प्युटरवर नसली तर इन्स्टॉलर नेटवरून आणतो."

"म्हणजे पोराला शाळेत धाडायचं आणि डबा शेजारणीकडे मागायला लावायचं! सोबत बांधून का नाय देत?"

तो असा हसला, की माझं पुढचं टायपिंग सगळं चुकलं.

मग रोज पेणला परतायची आमची रेल्वेगाडी एकच. सुशीलदादा, माझा भाऊ, आमच्याच कंपनीत वायूच्या टाकीजवळच्या केबिनमध्ये ड्युटीला. "काय गो किमया, हल्ली गजरा बरा परवडतो," म्हणून छळायचा.

शेवटचा कॉम्प्युटर दादाच्याच केबिनमधला. तिथे नेट नाही, मोबाइल तर सगळ्यांचे गेटवरच जमा. प्रणितने इन्स्टॉलर चालवला, 'पूर्ण झाले' असं आलं. "तो आपला आपण चालतो, हात लावू नका," असं दादाला सांगून तो धावत सुटला. प्रोग्रॅम उघडून बघितलाच नाही. गेटवर मी छत्री घेऊन उभी होते ना! त्याची ही घाई मला फार नंतर कळली. त्या दिवशी आम्ही दोघंही अर्धे अर्धे भिजलो आणि तक्रार कुणाचीच नव्हती.

श्रावणात व्हॉल्व्ह गळला. माझ्या पडद्यावर लाल इशारा आला. दादाच्या केबिनमध्ये काहीच वाजलं नाही. मी केबिनच्या इंटरकॉमवर फोन लावेपर्यंत वायू आत शिरला होता.

दादा वाचला, पण फुप्फुसं गेली. अंगणातून ओटीवर यायचं तरी थांबत थांबत येतो. वर कंपनी म्हणाली, प्रोग्रॅम त्यानेच बंद ठेवला असणार.

"मी नव्हता गो बंद केला," एवढं बोलून तो खोकत राहायचा. गावात कुणाला तोंड दाखवेना. ते मला बघवत नव्हतं.

प्रणित दर रविवारी यायचा, दादाच्या पायाशी बसायचा. मला वाटायचं, किती जीव लावतो! आईने तर साखरपुड्याचंच विचारलं. त्याने मान खाली घातली... मी ते लाजणं समजले.

कंपनीतल्या चौकशीच्या दिवशी त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. तरी तो उभा राहिला.

"सुशीलदादांनी काय बंद नाय केलं. तो प्रोग्रॅम तिथे एकदाही चालला नव्हता. लायब्ररी मी आत भरून दिली नव्हती, आणि उघडूनही नाय बघितलं... गाडी चुकेल म्हणून."

बोलताना तो माझ्याकडे बघत होता. माझ्या शेजारी बसलेल्या दादाने हुंदका दिला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा रडला.

त्या संध्याकाळी दादाला जीपने घरी धाडून मी स्टेशनवर आले, तर प्रणित माझ्याआधी पोचला होता.

"राजीनामा दिला. त्याआधी केबिनमध्ये नवा प्रोग्रॅम बसवून आलो. डबा सोबत बांधून दिलाय. वाजवून बघितला."

तो एक पाऊल जवळ आला.

"किमया, पहिल्या दिवसापासून मला—"

"माहीत आहे. मलाही."

खरंच होतं ते. सगळ्यांसमोर उभा राहिला तेव्हा तो जितका आवडला, तितका छत्रीतही आवडला नव्हता. पण घरात दादाचा खोकला होता, आणि तो आता जन्मभर असणार होता.

गाडी आली. दारात चढून त्याने हात पुढे केला.

"तू हो पुढे," मी म्हटलं. "मी पुढच्या गाडीने येते."

ती पेणकडची त्या दिवसाची शेवटची गाडी होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने हात मागे घेतला. मी एस.टी. स्टँडकडे चालू लागले.