साय कुणी मोडली?

"पुन्हा एकदा! पुन्हा एकदा!" कुर्रो टाळ्या पिटत ओरडला.

आल्मुदेनाने लांब दांडीची पळी बादलीतल्या पाण्यात बुडवली, डोक्याच्याही वर नेली आणि बारीक धार सोडली. कमरेजवळ धरलेल्या पेल्यात ती बरोब्बर पडली. थेंबही सांडला नाही!

"शाब्बास! माद्रिदला राहून हात मात्र आपल्या हेरेसचा!" आजोबा खूश झाले.

रेयेसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ही मावसबहीण सुट्टीला आली काय, पळी उचलली काय, आणि लगेच शाब्बासकी! रेयेस वर्षभर हाच सराव करत होती.

"तुझी पण धार पडते की, ताई," कुर्रो म्हणाला. "फक्त बुटात!"

"तू गप रे!"

त्याहून वाईट म्हणजे आजोबांनी आल्मुदेनाला खऱ्या पिंपात पळी घालू दिली. बोदेगातल्या, म्हणजे वाइन मुरवायच्या कोठारातल्या, सगळ्या पिंपांची जबाबदारी आजोबांची, किल्ल्याही त्यांच्याच कमरेला. पिंपातल्या शेरी वाइनवर दुधावर येते तशी पांढरी साय धरते. ती साय आहे तोवर शेरी चांगली. पळी झटकन, सरळ आत गेली नाही तर साय फाटते. रेयेसला त्यांनी अजून एकदाही तशी परवानगी दिली नव्हती!

आणि पुढच्याच आठवड्यात आजोबा जेवायच्या टेबलाशी पडलेल्या चेहऱ्याने आले.

"साय विरत चाललीय. आल्मुदेनाने उघडलेल्या पिंपाची, आणि त्या अख्ख्या रांगेची."

"पोरीच्या हातात पळी दिल्यावर दुसरं काय होणार?" फेर्मीनमामा म्हणाला. पाहुण्यांना बोदेगा दाखवायचं काम मामाकडे होतं. "त्या पळीलाच काहीतरी लागलं असणार!"

आल्मुदेनाचा चमचा गार सूपमध्ये तसाच राहिला. तिचे डोळे भरले. आणि रेयेसला, खरं सांगायचं तर, मनातून गुदगुल्या झाल्या. बरं झालं! आता कर म्हणावं पुन्हा एकदा!

पण दुपारी बोदेगात आजोबांनी पुन्हा आल्मुदेनालाच जवळ घेतलं. "रडू नकोस, राणी. तुझी चूक नाही." राणी! रेयेस तणतणत शेवटच्या रांगेमागे गेली आणि जमिनीवर अंथरलेल्या पिवळ्या वाळूवर फतकल मारून बसली. बराच वेळ फुरंगटून झाल्यावर ती उठली आणि सवयीने स्कर्ट झटकला.

स्कर्ट स्वच्छ होता!

एरवी इथे बसलं की पिवळा ओला डाग पडायचा आणि आईचा ओरडा ठरलेला. उन्हाळ्यात या वाळूवर रोज पाणी शिंपडतात. बाहेर कोरडा लेवान्ते वारा भाजून काढत असला, तरी आत हवा ओलसर आणि गार राहते. सायीला तेच लागतं. आणि इथे वाळू भाजलेल्या रव्यासारखी सुटी होती.

"कुर्रो! झारी कुठेय बघ!"

झारी जिन्याखाली सापडली. तोटीवर कोळ्याने ऐसपैस जाळं विणलं होतं.

"आल्मुदेनाला सांगूया का?" कुर्रोने विचारलं.

रेयेसने नाक मुरडलं. तोंड उघडलं की आल्मुदेना पुन्हा लाडकी! तेवढ्यात आजोबांचा आवाज आला. "पोरीला पळी मी दिली. संध्याकाळी बोदेगाच्या मालकीणबाई आल्या की किल्ल्या त्यांच्या हवाली करतो."

आता मात्र रेयेसने जाळ्यासकट झारी उचलली. आजोबा आणि किल्ल्यांशिवाय?

संध्याकाळी मालकीणबाईंसोबत पाहुणे आले. पांढरेशुभ्र बूट घालून फेर्मीनमामा पुढे. "आणि मंडळी, या वाळूवर आम्ही रोज न चुकता पाणी शिंपडतो!"

"या झारीने ना, मामा?" रेयेस पिंपामागून बाहेर आली आणि तिने झारी उंच धरली. कोळी जाळ्यातून लोंबकळत खाली उतरला.

पाहुणे खो खो हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाकून मूठभर वाळू उचलली आणि बोटांमधून सोडली. नुसती धूळ उडाली.

"फेर्मीन?"

"ते... बाई... पाहुण्यांचे बूट चिखलाने भरतात, तक्रारी येतात... मीच सांगितलं, थोडे दिवस पाणी नको..."

"बुटांसाठी?" आजोबा गरजले. "माझ्या पिंपांना तहानलेलं ठेवलंस? आणि वर पोरीवर ढकललंस?"

"किल्ल्या तुमच्याच कमरेला राहू द्या," मालकीणबाई त्यांना म्हणाल्या, "आणि झारी उद्यापासून फेर्मीनच्या हातात."

मामा रोज पाणी शिंपडू लागला. त्याचे बूट पिवळे झाले. लेवान्ते पडला, समुद्राकडचा ओला वारा सुटला आणि हळूहळू साय पुन्हा धरू लागली. आजोबांनी दिवा धरून ती मुलांना दाखवली.

"पायाखालची वाळू कोरडी पडलेली मला दिसली नाही. मालकीणबाईही म्हणत होत्या, या पोरीची नजर पक्की!" त्यांनी रेयेसच्या हातात पळी दिली. "घे. खऱ्या पिंपातून."

रेयेसने पळी घातली. झटकन, सरळ. साय जराही फाटली नाही! मग तिने पळी वर नेली, आणि अख्खी धार तिच्या बुटात.

कुर्रो जमिनीवर लोळायचा बाकी राहिला. आल्मुदेना ओठ दाबून हसू आवरत उभी होती. तिच्याकडे बघताना रेयेसच्या पोटात अजूनही दुखत होतं. दुखायचं ते दुखो!

"हसतेस काय?" ती पळी पुढे करत म्हणाली. "मनगट कसं वळवतेस ते दाखव की!"