पूजेला मांडलेला मॉनिटर

ही घटना खरी आहे. गौरवीचा उजवा हात मी दर सणाला बघतो, त्यामुळे ती खोटी म्हणायची मला सोयच उरलेली नाही.

गौरवी माझी मावसबहीण, रुद्रेश तिचा थोरला भाऊ. साल दोन हजार चार, दिवस खंडेनवमीचा. जागा गोव्यातलं धारगळ... हायवेला लागून असलेलं त्यांचं गेमचं दुकान.

आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची. बाहेर लख्ख ऊन होतं. भुतं अमावास्येची वाट बघत बसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून कॉम्प्युटरांची रांग. खेळणाऱ्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ दाराकडे. जवळच्या कारखान्यांतले तरुण सुटीच्या दिवशी यायचे, गोळीबाराचे गेम खेळायचे. ज्यांची पाळी यायची असे, ते खुर्चीमागे उभे राहून फुकटचे सल्ले द्यायचे. आतल्या बाजूला दुरुस्तीचं टेबल होतं.

पेडण्यात कुणाच्या कॉम्प्युटरचा डिस्प्ले गेला की तो इथे यायचा. बिघाड शोधायचा रुद्रेश. पण बारीक पार्टांना सोल्डरिंगचा डाग द्यायचं काम गौरवीचं. तिचा हात जराही हलायचा नाही.

"म्हजी तकली आनी हिचो हात, इतलेंच आमचें भांडवल," असं स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारत रुद्रेश येईल त्याला सांगायचा. बहिणीचं कौतुक करताना त्याला कधी दम लागला नाही.

त्या पावसाळ्यात डिचोलीच्या काशिनाथने जुने मॉनिटर आणून दिले. बंद पडलेल्या ऑफिसांचा माल उचलायचा त्याचा धंदा. त्यातला एक चांगला मोठा होता, अवजड, पण काचेवर ओरखडा नाही. रुद्रेशने तो कोपऱ्यातल्या मशीनला लावला.

लावण्याआधी उघडला, तर आत सगळी लाल धूळ. डिचोलीकडच्या खाणींची.

ब्लोअर मारून त्याने ती साफ केली. काही दिवसांनी सहज पुन्हा उघडला...

आत तेवढीच लाल धूळ.

"काशिनाथान आख्खी खाण दिली आमकां," म्हणून गौरवी हसली. तोही हसला.

मग त्या मॉनिटरने एक नवं सुरू केलं. गेम रंगात आला की आतून आवाज यायचा.

टक्...

आणि चित्र गायब. स्पीकरमधून गोळ्यांचा आवाज चालूच, पण समोर नुसती काळी काच. थोड्या वेळाने चित्र आपोआप परत. गिऱ्हाइकं शिव्या घालायची आणि पुढे खेळायची.

एका रविवारी तिथे प्रमोद बसला होता. कोल्हापूरकडचा, कारखान्यात कामाला, तोंडाचा फटकळ पण मनाने गरीब. त्याच्या मागे त्याचाच रूममेट विठ्ठल चिप्स खात उभा होता.

टक्...

चित्र गेलं. प्रमोद काळ्या काचेकडे बघत राहिला.

पुढच्या क्षणी त्याने कीबोर्ड वायरीसकट उपटला आणि गर्रकन वळून विठ्ठलच्या तोंडावर हाणला.

एकदा नाही. मारतच सुटला. कीबोर्डची बटणं खोलीभर उडाली, त्यांत विठ्ठलचे दातही होते. तो खाली पडला, तर प्रमोद त्याच्या छातीवर बसला आणि त्याचं डोकं धरून फरशीवर आपटू लागला. चौघांनी मिळून ओढला, तेव्हा कुठे सुटला.

आणि सुटल्यावर पोरासारखा रडायला लागला.

"त्याच्या हातात पहार हुती... माझ्या डोक्यात घालत हुता. काचंत बघितली की मी!"

विठ्ठलच्या मुठीत चिप्सचं चुरगळलेलं पाकीट होतं, एवढंच.

विठ्ठल वाचला. मित्रामित्रांत प्रकरण मिटलं. रुद्रेशने प्रमोदला दुकान बंद केलं आणि सगळा दोष गेमवर ढकलला. दिवसभर माणसं मारत बसलं तर डोकं फिरणारच, असं त्याचं म्हणणं.

पण डिस्प्ले का जातो?

ते सोडवल्याशिवाय त्याला जेवण गोड लागेना. केबल बदलली. कार्ड बदललं. रॅमचे पाय खोडरबराने पुसले. मॉनिटर दुसऱ्या मशीनला लावून पाहिला. एकटा समोर बसून तासन् तास गेम चालू ठेवला, तर चित्र एकदाही गेलं नाही.

गौरवी काही विचारायला मागे येऊन उभी राहिली...

टक्.

ती बाजूला झाली. चित्र परत आलं.

रुद्रेश न वळता म्हणाला, "गौरवी, मातशी फाटल्यान उबी राव."

टक्...

"आतां कुशीक सर."

चित्र आलं.

पुन्हा पुन्हा करून बघितलं, दर वेळी तसंच. मागे माणूस असला की काच काळी. नसला की सगळं ठीक.

"दादा, म्हाका हें बरें दिसना," गौरवी म्हणाली.

रुद्रेश म्हणाला की खुर्चीमागची फरशी सैल आहे, तिच्यावर पाय पडला की प्लग हलतो. त्याने फरशी उखडून नवी बसवली. माणूस शिकलेला असला की त्याला भ्यायलाही कारण लागतं.

फरशी बदलूनही चित्र जातच राहिलं. तेव्हा तो गाडी काढून डिचोलीला काशिनाथकडे गेला.

काशिनाथने आधी इकडचं तिकडचं केलं. मग कबूल केलं. मॉनिटर एका खाणीच्या वजनकाट्यावरचा होता. ट्रक काट्यावर चढले की वजन त्या पडद्यावर यायचं. काटा बघणारा कृष्णनाथ त्याच्यासमोर बसायचा, दाराकडे पाठ करून. ट्रकांची रांग कुणी मोडली यावरून एका ड्रायव्हरशी त्याची बाचाबाची झाली. काही वेळाने वीज गेली. पडदा काळा झाला. कृष्णनाथ तसाच काचेकडे तोंड करून वीज यायची वाट बघत बसला.

ड्रायव्हर मागून आला. अंगात खाकी शर्ट, हातात ट्रकची पहार. एका घावात कवटी फुटली, तरी तो मारत राहिला. लोक धावले तेव्हा पडद्यावरून रक्त आणि लाल चिखल एकत्र ओघळत होता.

कृष्णनाथ तिथे मेला नाही. हॉस्पिटलात जीव जाईपर्यंत तो एकच वाक्य बोलत होता.

"हांवें ताका काचेंत पळयलो... पूण फाटीं वळलों ना."

काचेत पाहिलं होतं त्याने, पण मागे वळला नाही. वाटलं, भांडण मिटवायला आला असेल.

आता तुम्ही म्हणाल, असला मॉनिटर तिथल्या तिथे फोडायचा. पुढे हे सगळं ऐकलं तेव्हा मीही तेच म्हणालो. पण काशिनाथ परत घ्यायला तयार झाला होता, फक्त दसरा झाल्यावर टेंपो पाठवतो म्हणाला. तोवर रुद्रेशने मॉनिटर बंद केला, प्लग काढला आणि तोंड भिंतीकडे करून ठेवला. घरात कुणाला काही सांगितलं नाही. बंद मशीन काय करणार, असा साधा हिशेब त्याने केला.

त्याचं इथेच चुकलं. चालू असताना ती काच अधूनमधून काळी व्हायची. आता ती कायमचीच काळी झाली होती.

खंडेनवमीला आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. ज्या हत्यारांवर पोट चालतं ती घासूनपुसून देवासमोर मांडायची, हळदकुंकू, फूल वाहायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. दुकानातही दर वर्षी मांडामांड व्हायची. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंगची कांडी, हातोडा. मशीनं सगळी बंद.

त्यांची आई, म्हणजे माझी सुमंगलामावशी, सकाळी पूजेला आली. कोपऱ्यातला मॉनिटर पाठमोरा बघून ती रुद्रेशवर खेकसली.

"पूजेक तोंड फिरोवन बसयतात काय रे कोणाक?"

"आई, तो परत धाडपाचो आसा. रावूं दी."

"आज आमच्या दुकानांत आसा मरे? मागीर ताकाय मान."

तिने स्वतः तो फिरवला. मधोमध मांडला. काचेवर कुंकवाचं बोट ओढलं, झेंडूची माळ घातली. पुढ्यात सगळी हत्यारं ओळीने ठेवली आणि शेजारी समई लावली.

काळी काच, आणि तिच्यासमोर हाताच्या अंतरावर हातोडा. मावशीने भक्तिभावाने केलं हो सगळं.

समई संध्याकाळपर्यंत विझू द्यायची नाही, म्हणून दुपारी रुद्रेश तिथे थांबला. शटर अर्धं खाली. मावशी आणि गौरवी जेवणाचं आवरायला घरी गेल्या.

वात मंदावली. ती सारायला रुद्रेश खुर्ची ओढून समोर बसला.

हायवेचा आवाज येत होता...

मग येईनासा झाला.

पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नाही. समईच्या उजेडात काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. कपाळाच्या जागी आईने ओढलेलं कुंकू.

आणि पाठीमागे कुणीतरी.

खाकी शर्ट. लाल चिखलाने भरलेले हात. चेहरा कुंकवाच्या रेघेआड.

रुद्रेशला सगळं माहीत होतं. हे खरं नाही, काच दाखवते आहे, मागे वळायचं नाही... तो स्वतःला बजावत राहिला. खुर्चीचे हात त्याने घट्ट धरून ठेवले.

काचेतल्या माणसाने पहार वर उचलली.

त्याच वेळी मानेवर, अगदी जवळ, कुणाचा तरी श्वास लागला.

हातोडा हातात कधी आला ते त्याला आजही सांगता येत नाही. तो वळला आणि मारला. हाताखाली हाड मोडलेलं त्याला कळलं. पुन्हा मारला. समोरचा हात आडवा येत होता, म्हणून त्या हातावरच मारत राहिला. बोटं टेबलाच्या कडेवर सापडली, तिथेही मारला. अंगावर काहीतरी गरम उडालं...

"दादा! दादा, हांव रे, गौरवी!"

तेव्हा आवाज परत आले. हायवे, पंखा. आणि गौरवीचं ओरडणं.

फरशीवर चहाची किटली आडवी पडली होती. चहात रक्त मिसळून दाराकडे वाहत होतं. तिच्या उजव्या हाताची बोटं बोटांसारखी राहिली नव्हती.

म्हापशाच्या डॉक्टरांनी हात वाचवला. म्हणजे तो तिच्या खांद्याला आहे, एवढंच. त्यात सुई धरता येत नाही, भाकरी मोडता येत नाही.

गौरवी भावावर एकदाही रागावली नाही. ती पोलिसांना म्हणाली, टेबल अंगावर पडलं. तिने मला एकच गोष्ट सांगितली, आणि तीही पुष्कळ वर्षांनी. ती शटरखालून वाकून आत आली तेव्हा रुद्रेशच्या खुर्चीमागे आधीच एक माणूस उभा होता. गिऱ्हाईक असेल समजून, चहा सांडू नये म्हणून ती त्याच्या बाजूने पुढे झाली.

मॉनिटर काशिनाथ घेऊन गेला. पुढे तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणाला तरी विकला म्हणतात. कुणाला, ते त्याला आठवत नाही.

दुकान बंद झालं. रुद्रेश आता बागायत बघतो. त्याच्या घरात टीव्ही नाही. त्याच्याकडे जायचं तर लांबून हाक मारत समोरून जायचं, मागून नाही. पोरांनाही ते पाठ आहे. पण हल्ली प्रत्येकाच्या खिशात एक काळी काच असते, तिला कुठवर आवरणार?

गेल्या चतुर्थीला मी त्याच्यासमोर बसलो होतो. बोलता बोलता मी माझा मोबाईल मधल्या टेबलावर ठेवला. स्क्रीन विझली.

रुद्रेश बोलायचा थांबला. नजर मोबाईलवर खिळली. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून घेतले.

"फाटल्यान कोण आसा रे?" त्याने हळूच विचारलं.

त्याच्या मागे रिकामी भिंत होती. आत गौरवी डाव्या हाताने भांडी लावत होती, तो आवाज येत होता.

"कोण ना," मी म्हणालो.

"आसा," तो म्हणाला. "पूण हांव वळचों ना. एकदां वळलों, हिचो हात गेलो."

मी मोबाईल उचलून खिशात टाकला. तो हळूहळू भानावर आला. उठताना धरायला म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

हात मागे घेतला तर माझी बोटं लाल झाली होती. त्याच्या कॉलरवर, मानेच्या अगदी खाली, बारीक धूळ बसली होती.

मी ती पुसून टाकली. धारगळात खाण नाही, आणि डिचोलीकडच्याही तेव्हा पावसामुळे बंद होत्या.